ऐतिहासिक स्थळांच्या अभ्याससहलीसाठी सहल संस्थेची निवड : यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाविद्यालयीन अभ्याससहलींचे आयोजन आज बहुतांशी खाजगी सहल संस्थांकडे सोपविले जाते. संस्थेची निवड करताना 'सर्वात कमी दर' हाच निकष प्रायः निर्णायक ठरतो. सहल ही वस्तू नसून सेवा आहे आणि तिचा दर्जा पैसे दिल्यानंतरच प्रत्ययास येतो. त्यामुळे केवळ दराच्या आधारे केलेली निवड शैक्षणिक, आर्थिक व सुरक्षाविषयक अशा तिन्ही अंगांनी अपुरी ठरते. प्रस्तुत लेखात अजिंठा-वेरूळ या सहलीचे उदाहरण घेऊन वेळापत्रक, मार्गदर्शक, वाहन, दरपत्रक आणि करार या पाच कसोट्यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : अभ्याससहल, सहल संस्था, मार्गदर्शक, अजिंठा, वेरूळ, ग्राहक संरक्षण, दरपत्रक.

१. प्रस्तावना

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्नित असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांमध्ये हिवाळी सत्राच्या सुमारास सहलींचा हंगाम सुरू होतो. इतिहास, मराठी, भूगोल, समाजशास्त्र, गृहअर्थशास्त्र अशा विविध विभागांच्या सहली निघतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक मिळाल्यापासून सहलीकडे केवळ विरंगुळा म्हणून पाहण्याची सोय राहिलेली नाही. जी सहल श्रेयांकाशी जोडली जाते, तिच्या गुणवत्तेची जबाबदारीही विभागावर येते.

या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचा मोठा वर्ग शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतून येतो. सहलीची वर्गणी बरेचदा कापूस वा सोयाबीन विकून हाती आलेल्या पैशातून भरली जाते. अनेक विद्यार्थिनींच्या बाबतीत पदवीच्या तीन-चार वर्षांत घराबाहेर मुक्कामी जाण्याची तीच एकमेव संधी असते. अशा सहलीत दोन दिवस गाडीत व खरेदीच्या दुकानांत गेले आणि लेण्यांच्या वाट्याला जेमतेम दोन तास आले, तर नुकसान केवळ पैशांचे होत नाही. ते स्थळ त्या विद्यार्थ्याने पुन्हा पाहण्याची शक्यताही फारशी नसते.

सहल समितीच्या बैठकीत साधारणतः तीन दरपत्रके मागविली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि सर्वात कमी दर असलेल्या संस्थेस काम दिले जाते. बाक, कपाटे किंवा प्रयोगशाळेतील काचसामान विकत घेताना ही पद्धती योग्यच होय, कारण तेथे वस्तूचे वर्णन निश्चित असते व वस्तू तपासून घेता येते. सहलीच्या बाबतीत मात्र आपण एक आश्वासन विकत घेत असतो. त्या आश्वासनाचे वर्णनच जर दरपत्रकात नसेल, तर तीन दरांची तुलना ही तीन वेगवेगळ्या वस्तूंची तुलना ठरते. म्हणून 'किती पैसे?' या प्रश्नाआधी 'स्थळावर किती तास?', 'समजावून कोण सांगणार?' आणि 'काही बिघडल्यास उत्तरदायी कोण?' हे तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. सहल व्यवसायाचे स्वरूप

संघटित सहलीचा आधुनिक इतिहास सामान्यतः थॉमस कुक या इंग्रज गृहस्थापासून सांगितला जातो. ५ जुलै १८४१ रोजी त्याने मद्यपानविरोधी सभेसाठी लेस्टर ते लफबरो अशी खास रेल्वेगाडी ठरवून सुमारे पाचशे लोकांना नेले. भाडे माणशी एक शिलिंग होते. प्रवास, खानपान व कार्यक्रम यांचा एकच ठराविक दर आकारण्याची कल्पना तेथून रुजली. भारतात १९६६ मध्ये भारतीय पर्यटन विकास महामंडळ आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. मराठी मध्यमवर्गात 'सहल कंपनी' हा शब्द रूढ झाला तो प्रामुख्याने खाजगी संस्थांमुळे. १९८४ मध्ये सुरू झालेली केसरी आणि २०१३ मध्ये सुरू झालेली वीणा वर्ल्ड ही त्यातील सर्वपरिचित नावे होत.

महाविद्यालयांशी ज्यांचा व्यवहार होतो, त्या मात्र बहुधा तालुका वा जिल्हा पातळीवरील लहान संस्था असतात. त्यांच्याकडे पाहताना चार भिन्न घटकांतील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे.

अ) बसमालक : हा केवळ वाहन व चालक पुरवितो. निवास, भोजन, प्रवेशपत्रे यांच्याशी त्याचा संबंध नसतो.

आ) प्रवास दलाल : हा दुसऱ्याची बस, दुसऱ्याचे निवासस्थान व दुसऱ्याची सहल विकून त्यावर दलाली मिळवितो.

इ) सहल संस्था : ही सर्व सेवा एकत्र बांधून स्वतःच्या नावाने विकते. त्यामुळे सर्व सेवांबाबत ग्राहकाप्रती तीच उत्तरदायी असते.

ई) स्थळ मार्गदर्शक : हा प्रत्यक्ष स्थळावर माहिती सांगतो. तो सहल संस्थेचा नोकर असेलच असे नाही.

व्यवहारात पुष्कळदा बसमालकच 'टूर्स' असा फलक लावतो, अथवा दलाल स्वतःस सहल संस्था म्हणवितो. निवासस्थानी खोल्या राखीव नसल्याचे रात्री दहा वाजता उघड होते, तेव्हा हा फरक केवळ शब्दांचा नव्हता हे लक्षात येते. म्हणून पहिल्याच भेटीत 'या चारपैकी आपण कोण?' असा स्पष्ट प्रश्न विचारावा व उत्तर लेखी घ्यावे.

केंद्रीय पर्यटन मंत्रालय देशांतर्गत सहल संस्था, प्रवास दलाल, पर्यटक वाहतूकदार इत्यादी गटांत मान्यता देते. ही मान्यता ऐच्छिक असल्यामुळे ती नसलेली संस्था बेकायदेशीर ठरत नाही. असल्यास तो एक अनुकूल पुरावा मानावा, परंतु तेवढ्यावर विसंबून राहू नये.

३. पहिली कसोटी : वेळापत्रक

संस्थेस त्या स्थळाची खरी माहिती आहे किंवा नाही, हे तिने दिलेल्या वेळापत्रकावरून पाच मिनिटांत कळू शकते. अजिंठा व वेरूळ ही दोन्ही स्थळे १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. अजिंठा लेणी दर सोमवारी बंद असतात, तर वेरूळ लेणी दर मंगळवारी बंद असतात. शनिवारी रात्री निघणाऱ्या सहलीने रविवारी अजिंठा व सोमवारी वेरूळ पाहणे शक्य आहे. हाच क्रम उलटा लावल्यास सोमवारी अजिंठ्याचे दार बंद मिळेल. सोमवार व मंगळवार हेच दोन दिवस हाती असतील, तर सोमवारी वेरूळ व मंगळवारी अजिंठा असा क्रम लावावा लागतो. उलट क्रमाने दोन्ही स्थळे हुकतात. ज्या संस्थेच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत ही चूक आढळते, तिने ती सहल पूर्वी यशस्वीपणे नेली असण्याची शक्यता फारच कमी.

दुसरी तपासणी अंतरांची. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथून वेरूळ सुमारे ३० किलोमीटरवर, तर अजिंठा सुमारे १०० किलोमीटरवर आहे. अजिंठ्याच्या पायथ्यापर्यंत खाजगी वाहन जात नाही. फर्दापूरजवळील वाहनतळावर बस थांबवून पुढील सुमारे चार किलोमीटर अंतर राज्य परिवहनच्या बसने जावे लागते. नंतर पायऱ्यांची चढण आहे. रांगा, बसची प्रतीक्षा व चढण यांत पन्नास जणांच्या समूहाचा एक तास सहज जातो. लेणी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळात पाहता येतात. अजिंठ्यात ३० लेणी आहेत, वेरूळात अभ्यागतांना परिचित अशी ३४ आहेत. यावरून 'एकाच दिवशी अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा व पाणचक्की' अशी जाहिरात करणारी कार्यक्रमपत्रिका काय देऊ शकते, याचा हिशेब कोणासही करता येईल. पाच स्थळांची नावे त्यात असतात. पाहणे मात्र एकाचेही होत नाही.

म्हणून संस्थेकडून स्थळांची यादी न मागता तासांची यादी मागावी. प्रत्येक स्थळावर पोहोचण्याची व निघण्याची वेळ, मधील प्रवासाचा काळ आणि भोजनाची वेळ असा तक्ता लेखी घ्यावा. अजिंठ्यासाठी निव्वळ लेण्यांत किमान चार तास आणि वेरूळसाठी तेवढेच तास मिळत नसतील, तर स्थळांची संख्या कमी करणे हेच शैक्षणिकदृष्ट्या श्रेयस्कर होय.

४. दुसरी कसोटी : मार्गदर्शक

ऐतिहासिक स्थळाची सहल आणि अन्य सहल यांतील मुख्य भेद मार्गदर्शकामुळे निर्माण होतो. दगड स्वतः बोलत नाही. तो कोणी बोलका करावा, यावर विद्यार्थी काय घेऊन परततो हे अवलंबून असते.

अजिंठ्याचे निवेदन प्रायः २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यास शिकारीच्या वेळी लेणी दिसल्याच्या प्रसंगापासून सुरू होते. प्रसंग खरा आहे. परंतु विदर्भातील विद्यार्थ्यासाठी अधिक महत्त्वाचा असा एक धागा त्यात हमखास सुटतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या कालखंडातील लेणी वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळाशी निगडित आहेत. सोळाव्या लेण्यातील शिलालेख हरिषेणाचा सचिव वराहदेव याचा असून त्यात विंध्यशक्तीपासूनची वंशावळ दिलेली आहे. हा वंश वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा होता आणि वत्सगुल्म म्हणजे आपल्या शेजारचे वाशीम. १९३९ मध्ये उजेडात आलेल्या वाशीम ताम्रपटाने या शाखेच्या इतिहासावर प्रकाश टाकला. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांचा संपादित ग्रंथ १९६३ मध्ये सिद्ध केला. यवतमाळहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेला विद्यार्थी ज्या वऱ्हाडातून प्रवास करतो, त्याच भूमीतील राजसत्तेच्या काळात ती चित्रे रंगविली गेली, हे त्यास सांगितले गेले नाही तर अजिंठा त्याच्यासाठी परकाच राहतो.

मार्गदर्शकाची पारख करण्यासाठी काही साधे प्रश्न उपयुक्त ठरतात. उदाहरणार्थ :

(१) अजिंठ्याची चित्रे कोणत्या तंत्राने काढली आहेत? 'फ्रेस्को' हे उत्तर सर्रास दिले जाते. वस्तुतः ही चित्रे ओल्या गिलाव्यावर नसून कोरड्या पृष्ठभागावर बंधक द्रव्य मिसळलेल्या रंगांनी काढलेली आहेत.

(२) अजिंठ्याचे सर्व काम एकाच काळातील आहे काय? लेणी क्रमांक ९ व १० ही इसवीसनपूर्व काळातील, तर १, २, १६ व १७ ही वाकाटककालीन आहेत. वाकाटककालीन कामास किती वर्षे लागली याविषयीही मतभेद आहेत. वॉल्टर स्पिंक यांनी हा काळ पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील अवघ्या दोन दशकांच्या आसपास मर्यादित केला, तर जुने अभ्यासक तो सातव्या शतकापर्यंत नेत. जो मार्गदर्शक 'याबाबत मतभेद आहेत' असे म्हणू शकतो, तो विश्वसनीय मानावा.

(३) वेरूळच्या लेण्यांची धर्मनिहाय विभागणी कशी आहे? १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू व ३० ते ३४ जैन, हे उत्तर तत्काळ यावयास हवे. सोळावे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्याशी संबंधित आहे, हेही.

दंतकथांना निवेदनात स्थान असण्यास हरकत नाही. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची कथा जगभर सांगितली जाते, परंतु तिला समकालीन पुरावा नाही. दंतकथा ही दंतकथा म्हणून सांगितली गेली तर ती लोकमानसाच्या अभ्यासाचे साधन ठरते; इतिहास म्हणून सांगितली गेली तर वर्गातील वर्षभराच्या अध्यापनावर पाणी फिरते. ११ जुलै २०२५ रोजी 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा, जिंजी इत्यादी बारा किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले आहेत. यापुढे किल्ल्यांच्या सहलींचे प्रमाण वाढणार हे उघड आहे. त्यामुळे तेथील निवेदनाच्या प्रामाण्याचा प्रश्नही तितकाच गंभीर बनतो.

संस्थेकडून मार्गदर्शकाचे नाव, त्याचा परवाना, त्याची निवेदनाची भाषा आणि त्याच्याकडे एका वेळी असणारी विद्यार्थिसंख्या या चार बाबी आधी मागाव्यात. 'स्थळावर गेल्यावर बघू' या उत्तराचा अर्थ 'मार्गदर्शक ठरलेला नाही' असा घ्यावा. पंचवीसहून अधिक विद्यार्थ्यांना लेण्यातील मंद प्रकाशात एका निवेदकाचे बोलणे ऐकू जात नाही. पन्नासांच्या समूहास दोन मार्गदर्शक लागतात, हे दरपत्रकातच गृहीत धरलेले असावे.

५. तिसरी कसोटी : वाहन व सुरक्षितता

यवतमाळ शहरास अद्याप ब्रॉडगेज रेल्वेची थेट सोय नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मार्गाची 'शकुंतला' बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला असून उर्वरित काम व्हावयाचे आहे. त्यामुळे येथील सहल अपरिहार्यपणे रस्त्यानेच निघते. छत्रपती संभाजीनगरपर्यंतचे अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर आहे. खर्च वाचविण्यासाठी रात्रीचा प्रवास व दिवसा स्थळदर्शन अशी आखणी सर्रास होते. रात्री दहाला निघालेली बस सकाळी सहाच्या सुमारास पोहोचते आणि तोच चालक लगेच अजिंठ्याची दोनशे किलोमीटरची जा-ये करतो. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ अन्वये चालकाच्या कामाचे तास सर्वसाधारणपणे दिवसास आठ आहेत. वरील आखणीत पहिल्या रात्रीतच ते संपलेले असतात.

हा मुद्दा तात्त्विक नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस दुभाजकावर आदळून पेटली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. या घटनेनंतर दोन चालक, कार्यक्षम संकटकालीन दार आणि काच फोडण्याचा हातोडा यांची चौकशी न करता बस ठरविणे सहल समितीस शोभणारे नाही. परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा व चालकाची अनुज्ञप्ती यांच्या प्रती आधी घ्याव्यात. वाहनाच्या क्रमांकावरून शासनाच्या 'एमपरिवहन' या भ्रमणध्वनी प्रणालीवर त्यांची पडताळणी करता येते. सहलीच्या दिवशी येणारी बस तीच आहे काय, हेही पाहावे. वाहनाच्या विम्याखेरीज विद्यार्थ्यांचा समूह वैयक्तिक अपघात विमा स्वतंत्रपणे उतरविणे उचित.

सुरक्षिततेचा दुसरा भाग कार्यक्रमातील बदलाशी निगडित आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी बियास नदीत वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. दोन्ही सहलींत पाण्याचा धोका सांगू शकेल असा स्थानिक जाणकार समूहासोबत असणे निर्णायक ठरले असते. हिमाचलच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने नुकसानभरपाईचा भार वीज मंडळ व राज्य शासनाबरोबर महाविद्यालयावरही टाकला. याचा अर्थ असा की, सहल संस्था नेमल्याने महाविद्यालयाची जबाबदारी संपत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये प्रसृत केलेल्या विद्यार्थी सुरक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांचा रोखही हाच आहे. म्हणून लेखी कार्यक्रमात नसलेले नदी, धरण, धबधबा वा समुद्रकिनारा असे कोणतेही स्थळ प्रमुख प्राध्यापकाच्या संमतीविना घेतले जाणार नाही, अशी अट करारात असावी.

६. चौथी कसोटी : दरपत्रक

दरपत्रकातील एकूण आकड्यापेक्षा 'समाविष्ट' व 'वगळलेले' या दोन रकाने अधिक बोलके असतात. पुढील उदाहरण निव्वळ स्पष्टीकरणासाठी योजलेले असून त्यातील संस्थांचे दर, भोजन, बस व मार्गदर्शक यांचे आकडे कल्पित आहेत. प्रवेश शुल्क मात्र २०१८ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने सुधारित केलेल्या दरांनुसार धरले आहे.

समजा, ४५ विद्यार्थ्यांच्या सहलीसाठी 'अ' संस्थेने माणशी २,९०० रुपये व 'ब' संस्थेने ३,४०० रुपये दर दिला. 'ब'च्या दरात सर्व खर्च समाविष्ट आहे. 'अ'ने मात्र पुढील बाबी वगळल्या आहेत :

– प्रवेश शुल्क : अजिंठा ४०, वेरूळ ४०, दौलताबाद २५, बीबी का मकबरा २५, एकूण १३० रुपये.
– अजिंठ्याच्या पायथ्यापर्यंतची बस, जाऊन-येऊन : ६० रुपये.
– मार्गदर्शकांचे मानधन ६,००० रुपये, माणशी सुमारे १३३ रुपये.
– दोन वेळचे भोजन : ३०० रुपये.

ही बेरीज ६२३ रुपये होते. म्हणजे 'अ'चा खरा दर ३,५२३ रुपये असून तो 'ब'पेक्षा १२३ रुपयांनी अधिक आहे. ४५ विद्यार्थ्यांमागे हा फरक ५,५३५ रुपयांचा होतो. तुलनात्मक तक्त्यात मात्र 'अ' ही संस्था पाचशे रुपयांनी स्वस्त दिसते. शिवाय वगळलेला खर्च विद्यार्थ्याला स्थळावर खिशातून करावा लागतो आणि ज्याच्या खिशात तो नसतो, तो 'मला लेणी पाहावयाची नाहीत' असे सांगून बाहेर बसतो. ही बाब कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

कमी दराचे आणखी एक कारण खरेदीचे थांबे हे असते. पर्यटनस्थळांच्या परिसरातील काही विक्रीकेंद्रे वाहनचालकास वा मार्गदर्शकास दलाली देतात आणि पर्यटकांचा तास-दीड तास तेथे जातो. पैठणी व हिमरू या येथील विणकामाच्या परंपरा अभ्यासनीयच आहेत. परंतु विणकामाचा माग पाहण्यासाठी जाणे वेगळे आणि दलालीसाठी दुकानात नेले जाणे वेगळे. असा थांबा कार्यक्रमात लिहिलेला असावा, अन्यथा नसावा.

७. पाचवी कसोटी : करार व कायदेशीर संरक्षण

२३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनमधील थॉमस कुक ही १७८ वर्षांची परंपरा असलेली संस्था कोसळली. भारतातील त्याच नावाची कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची असल्याने तिच्यावर याचा परिणाम झाला नाही. त्या वेळी परदेशी अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश पर्यटकांना मायदेशी आणता आले, यामागे १९७० च्या दशकापासून तेथे असलेली हवाई सहलींच्या आर्थिक हमीची योजना हे एक प्रमुख कारण होते. आपल्याकडे देशांतर्गत सहलींच्या आगाऊ रकमेसाठी अशी सक्तीची हमी व्यवस्था नाही. म्हणून आगाऊ रक्कम किती व केव्हा द्यावयाची, हेच आपले पहिले संरक्षण ठरते. संपूर्ण रक्कम निघण्यापूर्वी देऊ नये. निवासाच्या आरक्षणाची खात्री दूरध्वनीवरून स्वतः करून मग पहिला हप्ता, निघताना दुसरा आणि परतल्यानंतर अखेरचा अशी विभागणी करावी. सर्व रक्कम धनादेशाने वा बँकेमार्फत, संस्थेच्या नावे द्यावी व वस्तू व सेवा कर क्रमांक असलेले देयक घ्यावे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. सेवेचा मोबदला देणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही या अधिनियमानुसार ग्राहक ठरते. त्यामुळे महाविद्यालयाने रक्कम भरली असली तरी विद्यार्थी तक्रारीस पात्र ठरतात, मात्र करारास त्यांची नामावली जोडलेली असावी. तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. संस्था नागपूरची वा पुण्याची असली तरी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येईल. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगास अधिकार आहे. ५ लाखांपर्यंत कोणतेही शुल्क नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. प्राथमिक तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक उपलब्ध आहे. ग्राहकावर अवाजवी बोजा टाकणाऱ्या एकतर्फी अटींना हा अधिनियम 'अन्याय्य करार' म्हणतो. त्यासंबंधीची तक्रार मात्र राज्य आयोगापुढे करावी लागते.

तथापि कायदा पुराव्यावर चालतो. 'तोंडी ठरले होते' या वाक्याला आयोगापुढे फारसे मूल्य नाही. तासवार कार्यक्रम, निवासाचे नाव व खोलीतील विद्यार्थिसंख्या, भोजनाचा तपशील, वाहनाचा प्रकार, मार्गदर्शकाचे नाव आणि सहल रद्द झाल्यास परताव्याचे प्रमाण या सहा बाबी कराराच्या अंगभूत असाव्यात.

८. सहल संस्था आवश्यकच आहे काय?

प्रत्येक सहलीस संस्था लागतेच असे नाही. राज्य परिवहन महामंडळाची बस प्रासंगिक करारावर घेता येते व शैक्षणिक सहलींसाठी भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. त्यासाठीच्या अटी व उपलब्धता आगारात आधी विचारून घ्याव्यात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने छत्रपती संभाजीनगर व फर्दापूर येथे आहेत. बस व निवास स्वतः ठरवून केवळ स्थळ मार्गदर्शक नेमणे हा मध्यममार्ग एक-दोन मुक्कामांच्या सहलीसाठी पुष्कळदा अधिक किफायतशीर ठरतो. मात्र यात आरक्षण, भोजन व आकस्मिक अडचणी यांचा भार प्राध्यापकांवर येतो आणि विद्यार्थ्यांसाठी द्यावयाचा वेळ व्यवस्थेत खर्च होतो. तीनपेक्षा अधिक मुक्काम, परराज्यातील प्रवास अथवा रेल्वे-बस अशी मिश्र वाहतूक असल्यास सक्षम सहल संस्थेची मदत घेणे योग्य.

निवेदनाची बाजू मात्र कोणत्याही पर्यायात पूर्णतः बाहेर सोपविता येणार नाही. डॉ. य. खु. देशपांडे यांच्या शारदाश्रमासारख्या संशोधन संस्थेची परंपरा ज्या यवतमाळला लाभली, तेथील इतिहास विभागांनी निघण्यापूर्वी दोन तासिकांचे पूर्वतयारी वर्ग घेणे आणि परतल्यावर अहवाल लिहून घेणे अवघड नाही. ज्या विद्यार्थ्याने वराहदेवाच्या शिलालेखाविषयी आधी ऐकले आहे, तो सोळाव्या लेण्यात स्वतःहून मार्गदर्शकास प्रश्न विचारतो.

९. वारशाप्रती जबाबदारी

संस्थेच्या निवडीचा परिणाम स्थळावरही होतो. अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत गर्दीच्या श्वासोच्छ्वासाने आर्द्रता व कर्बवायूचे प्रमाण वाढते आणि ते रंगांच्या थरास अपायकारक असते. म्हणून तेथे एका वेळी मर्यादित संख्येने प्रवेश दिला जातो व छायाचित्रणात प्रखर झोतास बंदी आहे. वेळापत्रक घट्ट असेल तर मार्गदर्शकच संपूर्ण समूहास एकदम आत लोटण्याचा प्रयत्न करतो. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ अन्वये संरक्षित स्मारकाची हानी हा गुन्हा आहे. भिंतीला हात न लावणे, नावे न कोरणे, कचरा परत आणणे यांविषयी संस्था स्वतःहून सूचना देते काय, हेही तिच्या दर्जाचे एक लक्षण मानता येईल.

१०. निष्कर्ष व शिफारशी

१) सहल समितीने दरपत्रके मागविण्यापूर्वी स्वतःच तासवार कार्यक्रम व सेवांचे वर्णन तयार करावे आणि सर्व संस्थांकडून त्याच वर्णनावर दर मागवावेत. असे केल्यासच दरांची तुलना अर्थपूर्ण ठरते.

२) साप्ताहिक सुट्ट्या व अंतरे यांत चूक करणारी संस्था पहिल्याच फेरीत वगळावी.

३) मार्गदर्शकाचे नाव, परवाना व भाषा निश्चित झाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. शक्य झाल्यास त्याच्याशी दूरध्वनीवर पाच मिनिटे संभाषण करावे.

४) दोन चालक, वैध कागदपत्रे व समूह अपघात विमा या अटींवर तडजोड करू नये. या अटींमुळे दर वाढत असल्यास स्थळे कमी करावीत.

५) रक्कम हप्त्यांत व बँकेमार्फत द्यावी. करारास विद्यार्थ्यांची नामावली जोडावी.

६) त्याच संस्थेसोबत मागील दोन वर्षांत जाऊन आलेल्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांकडून प्रत्यक्ष माहिती घ्यावी. जाहिरातीतील अभिप्रायांपेक्षा ती अधिक विश्वसनीय असते.

७) परतल्यानंतर विद्यार्थ्यांकडून लेखी प्रत्याभरण घेऊन ते विभागात जतन करावे व परिसरातील अन्य महाविद्यालयांना उपलब्ध करून द्यावे. अशी नोंद दरवर्षी साठत गेल्यास चांगल्या संस्थांना काम मिळेल व निकृष्ट सेवेस आपोआप आळा बसेल.

वरील सर्व बाबींसाठी समितीस फार तर दोन जादा बैठका घ्याव्या लागतील. विद्यार्थ्यांच्या पालकांनी विश्वासाने सोपविलेली रक्कम आणि त्याहून मोलाची असलेली त्यांची मुले यांचा विचार करता, तेवढा वेळ देणे हे आपल्या अध्यापन कार्याचाच एक भाग मानावयास हवे.